जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या आवाजाचे निदान

पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे कृषी उत्पन्न बाजार समितीचे गाव. आसपासच्या काळ्या रानांतून कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद यांच्या व्यवहारासाठी तेथे माणसांची व वाहनांची जी वर्दळ चालते, तिच्यात नव्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींची संख्या आता अर्थातच मोठी आहे. तथापि त्या गर्दीतून मधूनच एखादी एम-८०, एखादी लुना, क्वचित एखादी राजदूत किंवा आरएक्स-१०० आपल्या निराळ्या ध्वनीने आणि निळसर धुराने दुरूनच ओळखू येते. अशा गाडीच्या मालकाची मिस्त्रीकडे जी तक्रार जाते ती बहुधा एकाच वाक्याची असते: ‘इंजिनात आवाज येतोय.’ एवढ्या मोघम फिर्यादीवर इंजिन उघडले जाते, पिस्टन आणि रिंगा बदलल्या जातात, पैसे मोजले जातात, आणि पुष्कळदा आवाज होता तसाच राहतो. तपासाचा क्रम उलटा झाल्यामुळे हे घडते, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज कोठून येतो हा प्रश्न दुसरा. तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हा पहिला.

या यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. पिस्टनच्या दोनच धावांत ज्वलनाचे सारे चक्र पुरे करणाऱ्या इंजिनाचे पेटंट स्कॉटलंडच्या डुगाल्ड क्लार्कने १८८१ साली घेतले. परंतु पिस्टनच्या खालच्या बंद पेटीचाच, म्हणजे क्रँककेसचा, पंपासारखा उपयोग करून घेण्याची युक्ती इंग्लंडातील बाथ येथील जोसेफ डे याने त्यानंतर दहा वर्षांनी पेटंटात आणली, आणि आपल्या ओळखीचे झडपांशिवायचे साधे इंजिन त्या युक्तीतूनच जन्मास आले. आपल्या देशात साठीच्या दशकाच्या आरंभी मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि पोलंडच्या गाडीवरून घेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत रस्त्यावर आली. १९७२ साली एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू होऊन मराठवाड्यास दुचाकी-निर्मितीची ओळख झाली, त्याच वर्षी आरएक्स-१०० बाजारात आली, आणि पुढच्याच वर्षी एम-८० आली. आरएक्स-१०० आणि जावाचीच पुढची आवृत्ती असलेली जुनी येझ्दी या दोहोंचे उत्पादन १९९६ साली थांबले. म्हणजे या दोहोंपैकी जी गाडी आज चालते, तिचे वय तीस वर्षांच्या घरात किंवा त्यापलीकडे आहे, आणि तिच्या आवाजाचा विचार करताना हे वय दृष्टिआड करून चालत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा, कॅम, टॅपेट आणि टायमिंग चेन असा मोठा परिवार असतो व त्यातील प्रत्येकाचा स्वतंत्र आवाज असतो. टू-स्ट्रोकच्या पोटात मात्र क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन एवढेच मुख्य हलणारे भाग. आरएक्स-१०० मध्ये रीड नावाची पातळ पात्यांची झडप आहे, तीही वाऱ्याच्या दाबाने आपोआप उघडणारी. संशयितांची यादी अशी आखूड असल्यामुळे निदान सोपे असावे, आणि क्रमाने गेल्यास ते सोपे असतेही. परंतु या साधेपणाची एक किंमत आहे. फोर-स्ट्रोकचे क्रँक तळाशी साठवलेल्या तेलात सुखाने फिरते. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठाच नसतो. कार्ब्युरेटरमधून आलेले हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये शिरते, तेथील बेअरिंगांवरून जाते आणि मगच सिलिंडरमध्ये चढते. त्या मिश्रणात मिसळलेले थेंबभर टू-टी ऑइल जाता जाता बेअरिंगांवर जे काही ठेवून जाईल, तेवढ्यावरच त्यांचा निर्वाह चालतो. साहजिकच त्या हवेबरोबर धूळ आली तर तीही प्रथम बेअरिंगांवरूनच जाते. चैत्र-वैशाखात आपल्या भागात काळ्या मातीचा जो फुफाटा उडतो, तो फाटक्या एअर फिल्टरमधून आत घेणारे टू-स्ट्रोक इंजिन आपल्या हाडांनाच पॉलिश-कागद लावून घेत असते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

आवाज म्हणजे मुळात काय, हे येथे पाहिले पाहिजे. बैलगाडीच्या चाकाचे भोक झिजून मोठे झाले की सपाट रस्त्यावर, बैल एकसारखी ओढ घेत असताना, गाडी फारशी वाजत नाही. पण चढ संपून उतार लागला, ओढीची दिशा पालटली, की चाक आसावर एका अंगाहून दुसऱ्या अंगाला आदळते आणि ठोका ऐकू येतो. इंजिनात हेच घडते. झीज झाल्याने दोन भागांत फट पडते. त्या फटीत भाग एका बाजूस दाबलेला असेपर्यंत तो मुका असतो, आणि दाबाची दिशा पालटताक्षणी तो बोलतो. आरएक्स-१०० चा पिस्टन पन्नास मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची धावही पन्नास मिलिमीटरचीच. मिनिटाला सहा हजार फेऱ्या होत असताना तो सेकंदाला शंभर वेळा वर जातो व शंभर वेळा खाली येतो, म्हणजे दिशा पालटण्याचे प्रसंग सेकंदाला दोनशे. यामुळे वाढत्या वेगात एकेक ठोका निराळा ऐकू येईनासा होतो आणि सगळ्यांची मिळून एक सलग घरघर बनते. यास्तव परीक्षा मंद आणि मध्यम वेगातच करावी. कमाल वेगाला इंजिन ओरडत ठेवून कान लावणारा मिस्त्री काहीच ऐकत नसतो.

लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावण्याची रीत सर्वत्र आहे व ती चांगलीही आहे. आपल्या शेजारचे पूर्णा हे रेल्वेचे जुने जंक्शन. डब्याच्या चाकावर हातोडीने ठोकून नादावरून तडा ओळखण्याची रेल्वेतील विद्या याच जातीची. तरीपण अॅल्युमिनियमचे इंजिन हे सगळे एकसंध वाजणारे भांडे असल्याने क्रँकचा ठोका हेडवर आणि क्लचची खडखड मॅग्नेटोच्या झाकणावर ऐकू येऊ शकते. म्हणून कानापूर्वी जबानी. जाणता मिस्त्री हातात पाना घेण्याआधी विचारतो: भाऊ, आवाज सकाळी थंड इंजिनात येतो का गरम झाल्यावर? मागे माणूस बसवून चढ चढताना वाढतो का एकट्याने जाताना? अॅक्सिलरेटर देताना येतो का सोडताना? क्लच दाबला की राहतो का जातो? या चार उत्तरांत निदानाचा निम्म्याहून अधिक भाग उरकतो.

यानंतर बाहेरून आत यावे. पुष्कळ ‘इंजिनाचे’ आवाज इंजिनाचे नसतातच. नंबरप्लेट, चेनकव्हर, सायलेन्सरचा ढिला क्लॅम्प किंवा आतून तुटलेला त्याचा पडदा, इंजिन चौकटीला धरणारे बोल्ट, यांची हाताने दाबून परीक्षा करण्यास पैसा लागत नाही. सिलिंडरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे थंड होण्यासाठी ठेवलेल्या पातळ पात्यांमध्ये, रबराचे तुकडे बसवलेले असतात; ते वयोमानाने कडक होऊन गळून पडले की पंखे किणकिणू लागतात, आणि मालकास वाटते की पिस्टन गेला. वाजत असताना पंख्यावर लाकडाचा तुकडा दाबून धरला आणि किणकिण थांबली, तर मामला तेथेच निकालात निघतो. सायलेन्सरचा पाइप जेथे सिलिंडरला मिळतो तेथील पॅकिंग फुटले असेल तर प्रत्येक ज्वलनाबरोबर कोरडा ‘फट् फट्’ असा आवाज येतो, आणि त्या सांध्याभोवती तेलकट काळा डाग आढळतो. हा डाग म्हणजे लेखी पुरावाच होय.

भार नसताना, विशेषतः कार्ब्युरेटरचे मिश्रण जाड असताना, टू-स्ट्रोक इंजिन एका फेरीस पेटते आणि दुसरीस चुकते, व त्यामुळे चालता चालता अडखळल्यासारखे वाजते. मागच्या फेरीचा जळका वायू पुरता बाहेर न पडल्याने असे होते. हा मोडतोडीचा आवाज नव्हे, आणि त्यासाठी इंजिन उघडणे हा नाहक खर्च आहे.

क्लचची परीक्षाही अशीच सोपी. न्यूट्रलमध्ये गाडी मंद चालत असताना उजव्या-डाव्या कोणत्याही झाकणातून खडखड येत असेल आणि क्लच दाबताच ती नाहीशी होत असेल, तर दोष क्लचचा किंवा गिअरबॉक्सकडील भागाचा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगकडे पाहावे. जावा-येझ्दीत क्रँककडून क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन असते. ती सैल झाली की झाकणावर घासते. एका सिलिंडरच्या इंजिनाची ओढ मुळातच झटक्याझटक्याने येणारी असल्याने मंद गतीत थोडी खडखड ही या जुन्या गाड्यांची प्रकृतीच असते, आणि तीवर उपचार नको.

आता आत शिरू. थंड इंजिनात, सुरू केल्याबरोबर, सिलिंडरच्या भिंतीवर काही तरी आपटल्यासारखा पोकळ ‘खळ खळ’ आवाज येतो, गाडी चार-पाच किलोमीटर चालून तापली की तो विरतो, आणि चढावर किंचित परततो. हा पिस्टनचा आवाज, यात सहसा चूक होत नाही. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ओतीव लोखंडाचा. सारख्याच उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून नव्या इंजिनातही थंडपणी या दोहोंत मिलिमीटरच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीइतकी, फट मुद्दाम ठेवावी लागते. इंजिन तापले की पिस्टन फुगतो आणि ती फट भरते. झिजलेल्या बोअरमध्ये फट मोठी असते, तेव्हा पिस्टन डुलतो आणि थंडपणी वाजतो. हा आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सुरू करून लगेच भार न घालता मिनिटभर चालू ठेवल्यास अशी गाडी पुष्कळ महिने काम देते. ओढ कमी झाली, किक हलकी लागू लागली, की सिलिंडर लेथवाल्याकडे न्यावा, बोअर मोजून घ्यावा आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवावा. बोअर न मोजता नुसता नवा पिस्टन जुन्या बोअरमध्ये घालणे हा ग्राहकाच्या पैशांचा अपव्यय आहे, मग तो कितीही सद्भावनेने केलेला असो.

याच्या अगदी उलट स्वभावाचा आवाज म्हणजे गरम इंजिनात, वरच्या गिअरमध्ये, ओझे घेऊन चढ चढताना येणारी काचेसारखी बारीक ‘किण् किण्’. ही धातूंची टक्कर नव्हे. ठिणगीने पेटवलेली ज्वाला सिलिंडरभर पसरण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते आणि त्या स्फोटाचा धक्का भिंतींवर आदळतो, त्याचा हा नाद. ठिणगीचे टायमिंग पुढे गेलेले, हेडमध्ये व पिस्टनच्या माथ्यावर साचलेला कार्बन, चुकीच्या नंबराचा प्लग, पातळ झालेले मिश्रण, किंवा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ, ही त्याची कारणे. अलीकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे भडका उडण्याची प्रवृत्ती खरे म्हणजे कमी होते. परंतु त्यात स्वतःचाच प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या ठरीव जेटमधून जाणारे मिश्रण पातळ पडते, इंजिन अधिक तापते, आणि जुने रबरी सील व नळ्याही त्यास टिकत नाहीत. जुन्या गाडीला एक नंबर मोठा मुख्य जेट लावून प्लगचा रंग विटकरी-तपकिरी राहतो का, ते पाहणे हा त्यावरील वाजवी उपाय होय.

गजनपिनचा, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या खिळीचा, आवाज वरच्या बाजूस येतो. तो हलका, कोरडा आणि टिकटिकणारा असतो, आणि अॅक्सिलरेटर अर्धवट देऊन सोडताना, ओढीची दिशा पालटते तेव्हा, स्पष्ट होतो. रिंग तुटली असेल तर तिचे टोक सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांना, ज्यांतून वायू येतात-जातात त्यांना, अडते व किरकिर करते. त्याबरोबर कॉम्प्रेशनही जाते. टू-स्ट्रोकच्या रिंगा खोबणीत फिरू नयेत म्हणून तेथे बारीक पिन असते, आणि रिंग बसवताना तिचे तोंड त्या पिनेवर नीट न आले तर पहिल्याच दिवशी अनर्थ होतो.

सर्वांत गंभीर दखल घेण्याजोगा आवाज बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या खालच्या, क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगचा. तो खोल, जड आणि खालून येणारा ‘ठक् ठक्’ असतो. भार दिला की वाढतो. आणि पिस्टनचा आवाज तापल्यावर कमी होतो, तर हा तापल्यावर अधिकच उठावदार होतो, कारण गरम तेल पातळ होऊन फटीतील उरलासुरला आधारही काढून घेते. संशय आला तर इंजिन न उघडता एक परीक्षा करता येते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, प्लग काढावा, मॅग्नेटोचे झाकण उघडावे, पिस्टन आपल्या धावेच्या मध्यावर आणावा, आणि प्लगच्या भोकातून एक बारीक लाकडी काडी पिस्टनच्या माथ्यावर टेकवून मॅग्नेटोचे चाक हाताने अगदी हळू मागे-पुढे करावे. चाक हलते आणि काडी क्षणभर स्तब्ध राहून मगच हलते, असे दिसले, तर खालच्या किंवा वरच्या बेअरिंगमध्ये फट आहे, यात शंका नाही. येथे एक बारकावा सांगणे अगत्याचे आहे: रॉडला कडेला, आडवी, थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, ती बघून कनेक्टिंग रॉड बाद ठरवू नये. उभी हालचाल मात्र अजिबात नको. ती आढळल्यास गाडी चालवणे त्या घटकेला थांबवावे, कारण बेअरिंग तुटून रॉड मोडला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो, आणि मग या जुन्या गाडीचे सुटे भाग शोधत फिरण्यापलीकडे मालकाच्या हाती काही उरत नाही.

क्रँकच्या दोन मुख्य बेअरिंगांचा आवाज ठोक्याचा नसतो. तो वेगाबरोबर चढत जाणारी सलग घरघर असतो, भार असो वा नसो सारखाच असतो, आणि कानापेक्षा पावलांना फूटरेस्टमधून अधिक जाणवतो. मध्यम वेगात क्षणभर ठिणगी बंद केली तर पिस्टनचा व बिग एंडचा ठोका तत्काळ मंदावतो, पण बेअरिंगची घरघर इंजिन थांबेपर्यंत चालूच राहते; हा फरक फार उपयोगी पडतो. पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीत हा विकार हमखास होतो, कारण क्रँककेसमध्ये शिरलेला दमट वारा तेलाच्या थराविना राहिलेल्या पोलादी गोळ्यांना गंज चढवतो. बेअरिंग ढिले झाले की क्रँक डुलते, पॉइंटची फट एका जागी स्थिर राहत नाही, टायमिंग भरकटते, आणि त्यालगतचे ऑइल सीलही फाटते. क्लचकडचे सील गेले तर गिअरबॉक्सचे तेल जळून दाट पांढुरका धूर निघतो. मॅग्नेटोकडचे गेले तर बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ होते, इंजिन आपोआप भणभणते, आणि त्यातूनच पुढे पिस्टन धरतो. दोष बेअरिंगचा असता तक्रार कार्ब्युरेटरची होते, आणि कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा धुतला जातो, तो अशा वेळी.

तेलाविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज हा विषय सोडता येत नाही, कारण वर वर्णिलेल्या आवाजांपैकी बहुतेकांचे मूळ तेथे आहे. लिटरमागे वीस मिलिलिटर म्हणजे पन्नासास एक आणि चाळीस मिलिलिटर म्हणजे पंचविसास एक. आपल्या गाडीस कोणते प्रमाण हवे ते तिच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे, आणि अंदाजाने नव्हे तर मापाने घालावे. कमी घातल्यास काय होते ते सांगायला नको. पण जास्त घातल्यानेही जेटमधून जाणाऱ्या प्रवाहात पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण पातळ होते आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. आरएक्स-१०० ला तेलाची स्वतंत्र टाकी व पंप आहे, तिच्यात टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली की तेल येणे बंद होते, आणि पंपातील हवा काढल्याखेरीज ते पुन्हा सुरू होत नाही. गंगाखेडकडच्या बालाघाटाच्या उतारांवर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की पेट्रोल बंद म्हणजे त्यातील तेलही बंद, आणि क्रँक मात्र वेगाने फिरतेच आहे. उतारावर मधूनमधून थोडा अॅक्सिलरेटर देत राहावे. कापसावरील फवारणीच्या पाठीवरच्या पेट्रोल पंपांचे इंजिनही पुष्कळदा याच जातीचे असते, आणि क्लच व गिअर यांच्या परीक्षा सोडल्या तर वरील बहुतेक परीक्षा त्यालाही लागू पडतात.

शेवटी, इंजिन उघडण्याची वेळ आलीच, तर मालकांस माझी एक विनंती आहे. काढलेला जुना पिस्टन मिस्त्रीकडून मागून घ्यावा आणि उजेडात धरून पाहावा. धुराच्या खिडकीच्या बाजूसच ओरखडे असतील तर इंजिन अतिशय तापले, म्हणजे मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढे. चहूकडे सारखे असतील तर तेल कमी पडले किंवा बोअर घट्ट मारला गेला. कार्ब्युरेटरच्या बाजूचा खालचा भाग निस्तेज, घासून पांढुरका झाला असेल तर फिल्टरमधून धूळ गेली. आणि क्रँकही उघडली असून बिग एंडची पिन निळी पडलेली दिसली तर ती तेलाविना तापली. या चारांपैकी कोणते कारण होते ते मिस्त्रीबरोबर बसून ठरवावे, ते आधी दूर करावे, आणि मगच नवा पिस्टन बसवू द्यावा.